वरची आळी खाली

डोंगराच्या कुशीतल्या या गावाच्या दोन्ही पायथ्यांना दोन मोठी शहरं आहेत, एक पूर्वेला आणि एक पश्चिमेला. दोन्हीकडून गाडीनं दीड तास. शनिवार उजाडला की दोन्ही बाजूंनी गाड्यांच्या रांगा घाट चढू लागतात आणि दोन्ही शहरांना वाटतं, गाव आपलंच. पूर्वेकडचे म्हणतात, आमच्या डोंगरावरची हवा काय छान. पश्चिमेकडचेही तेच म्हणतात. गावाला कोणी विचारत नाही, बाबा रे, तू कोणाचा.

गावात सपाट जागा म्हणाल तर शाळेचं मैदान, आणि तेही एका अंगाला कललेलं, त्यामुळे खालच्या बाजूला खेळणाऱ्यांवर गोल आपोआप होतात. बाकी सगळा चढ, नाहीतर उतार. इथली माणसं डावं-उजवं म्हणतच नाहीत. मीठ कुठे आहे विचारलं तर 'फळीच्या वरच्या टोकाला' असं उत्तर येतं, आणि फळी तर चांगली आडवी असते. चहाच्या दुकानात बाकावर जागा हवी असेल तर 'जरा खाली सरक' म्हणतात आणि सरकणाऱ्याला बरोबर कळतं कुठे सरकायचं. गावाच्या हाडातच उतार आहे.

आणि या गावात एक वरची आळी आहे, जी खाली आहे.

यात गूढ काही नाही. जुनं गाव ओढ्याच्या काठी होतं. त्यातली सगळ्यात उंचावरची पंचवीस-तीस घरं म्हणजे वरची आळी. पुढे मोटारीचा रस्ता आला, तो आळीच्याही डोक्यावरून खोदला गेला. रस्त्याच्या वर शहरातल्या लोकांचे बंगले झाले, बंगल्यांच्या वर आणखी बंगले. आळी होती तिथेच राहिली, जग तिच्या डोक्यावर जाऊन बसलं. आळीचं नाव बदलायचं कोणाच्या मनातही आलं नाही.

रस्त्याला जिथे फाटा फुटतो, एक वाट बंगल्यांकडे चढते आणि एक आळीकडे उतरते, तिथे पत्र्याचा एक फलक होता. त्यावर मोठ्या अक्षरात 'वरची आळी', त्याखाली 'खाली', आणि शेजारी उतरता बाण. आळीतल्या शिंप्यानं तो तीस वर्षांपूर्वी रंगवला होता. कापडावर खडूनं सरळ रेघ मारणारा हात, त्यामुळे अक्षर नेटकं. नवखी माणसं फलकाशेजारी उभी राहून फोटो काढायची, खो खो हसायची. हसेनात का. हसत हसत बाणाच्या दिशेनं बरोबर जायची.

तो फलक एके दिवशी काढला गेला, आणि गावच्या नर्सबाईला ते कळलं नाही. एवढीच गोष्ट आहे, असं तिचा दीर म्हणायचा.

दीर गावच्या कचेरीत कारकून. सोमवारी संध्याकाळी तो वहिनीच्या स्वयंपाकघरात आला, तेव्हा ती सासूबाईंच्या पायाला तेल लावत होती आणि सासूबाई ताटात शेंगा सोलत होत्या. त्यानं ओट्यावरचं पाणी बाहीनं पुसलं आणि एक कागद अलगद ठेवला.

"वहिनी, फक्त इथे सही करायची."

तिनं हात पुसले. टाइप केलेल्या पाच-सहा ओळी होत्या. 'संबंधित परिचारिकेने रुग्णवाहिकेच्या चालकास चुकीची दिशा सांगितल्याने विलंब झाला. सदर बाब परिचारिकेस मान्य आहे.'

"मान्य आहे हे मला कधी विचारलंत, भावजी?"

"आत्ता विचारतोय ना."

"आधी लिहून?"

"कचेरीत तसंच असतं. आधी मान्य होतं, मग विचारतात."

"हिच्या लग्नाचंही तुम्ही सगळ्यांनी असंच केलं होतं," सासूबाई शेंगांकडे बघतच म्हणाल्या.

दीर हसला नाही. "आई, मस्करी नको. गुरुवारी शहरातून चौकशीचे साहेब येतायत. सही असली की अर्ध्या तासात उरकेल. फार तर ताकीद मिळेल. नसली तर वहिनींची बदली करतील. पार पलीकडच्या खोऱ्यात टाकतील. दादा शहरात नोकरीला, फक्त रविवारी घरी. मग तुझं कोण बघणार?"

"आणि फलक?" नर्सबाईनं विचारलं. तिचा आवाज मुळातच हळू. चिडली की आणखी हळू होई.

"त्याचा इथे काय संबंध?"

"काढायचा हुकूम कोणी लिहिला?"

दिरानं कागदाची घडी उगाच सरळ केली. "लिहिला मी. सांगितलं वरून."

"कुठल्या वरून? बंगल्यांच्या?"

दिरानं चपला सरकवल्या. कागद ओट्यावरच ठेवून गेला.

नर्सबाईचा जन्म वरच्या आळीतला. शाळेत जायचा पहिला झगा तिला शिंपीकाकांनी शिवून दिला होता, वाढत्या अंगाचा म्हणून चार बोटं ढगळ. लग्न होऊन ती बाजारात राहायला आली तरी रोज दवाखाना बंद केल्यावर पायऱ्यांनी आळीत जाऊन म्हाताऱ्यांचा रक्तदाब बघून यायची. पायऱ्या बाजारातून थेट आळीत निघतात. मोटाररस्त्यावर पाय ठेवायची तिला कधी गरजच पडत नव्हती. म्हणून फाट्यावर काय आहे, काय नाही, हे तिला कळलं नाही.

या सोमवारच्या महिनाभर आधी, एका शनिवारी सकाळी अकराच्या सुमारास शिंपीकाका मशीनवर बसले होते. बंगल्यातले कोणाचे तरी पडदे होते. कात्री हातातून सुटली. काकू म्हणाल्या, उचला. काकांनी कात्रीकडे पाहिलं, हाताकडे पाहिलं, आणि तोंडातून शब्दाऐवजी नुसता आवाज आला. शेजारीण धावत दवाखान्यात आली. नर्सबाई एका दमात पायऱ्या चढली. तोंडाची एक बाजू उतरलेली बघून तिनं आधी घड्याळ पाहिलं. या दुखण्यात साडेचार तासांच्या आत शहरातल्या मोठ्या दवाखान्यात पोचलं तर रक्ताची गाठ विरघळवणारं इंजेक्शन देता येतं. दीड तास गाडी यायला, दीड तास जायला, शनिवारची गर्दी धरली तरी जमत होतं.

पूर्वी रुग्णवाहिका गावातच असायची. चालक इथलाच होता, त्याला घराचं नाव सांगितलं की पुरे. दोन वर्षांपूर्वी ती शहरात नेली, त्याला एकत्रीकरण म्हणाले. आळीतली कामाची माणसं शनिवारी बंगल्यांवर राबायला गेलेली. दूधवाल्याचा टेम्पो शहरात. खोलगट जागा, तिथे मोबाइलला रेंज नाही. शिंपीकाकांच्या घरच्या जुन्या फोनवरून तिनं नंबर फिरवला.

"पत्ता सांगा."

"फाट्यावरून वरच्या आळीत. शिंप्याचं घर, निळं दार."

"फाट्यावरून वर. बरोबर?"

"हो. वर. लवकर या."

गाडी एक वाजून पाच मिनिटांनी फाट्यावर आली. वर म्हटलं होतं, म्हणून वर गेली. वर बंगल्यांच्या रस्त्याला साखळी, साखळीपाशी पहारेकरी, मागे शनिवारच्या गाड्या, वळायला जागा नाही. बेचाळीस मिनिटं गेली. शहरातले डॉक्टर म्हणाले, अर्धा तास आधी आणलं असतं तर.

शिंपीकाका वाचले. उजवा हात गेला, उजवा पाय ओढत चालतो, शब्द तोंडातून तिरके निघतात. घरी आल्यावर पहिल्या दिवशी नर्सबाईला म्हणाले, "उजवी बाही... शिवून टाकली... कोणीतरी." आणि अर्ध्या तोंडानं हसले.

काकू हसल्या नाहीत. तीन आठवडे नर्सबाई रोज येत होती, रक्तदाब बघत होती, काकांची बोटं एकेक करून उघडमीट करवत होती, आणि काकू दारात उभ्या राहून म्हणत, "या, नर्सबाई. बसा." चाळीस वर्षं 'आलीस का गं पोरी' म्हणणारं ते तोंड. शिव्या दिल्या असत्या तर तिनं खाली मान घालून ऐकल्या असत्या.

मंगळवारी ती मुद्दाम मोटाररस्त्यावर गेली.

फाट्यावर कोरीव लाकडाचा नवा फलक होता. त्यावर एक पक्षी, आणि पक्ष्याच्या चोचीत अक्षरं, 'निवांत वाट'. बाण वर, बंगल्यांकडे. उतरत्या वाटेच्या तोंडाशी जुन्या खांबाचा खड्डा तेवढा राहिला होता, त्यात पावाचं प्लास्टिक. आळीकडे जाणारी वाट अशी दिसत होती, जणू कोणाच्या परसाकडे जाते.

तेवढ्यात बंगल्यांच्या मंडळाच्या अध्यक्षबाई कुत्र्याला फिरवत आल्या. वयानं पन्नाशीच्या, बोलायला गोड, रोज दोन मैल चालणाऱ्या.

"छान झालाय ना?" त्या म्हणाल्या. "आमच्या मंडळानं करून घेतला."

"इथे एक पत्र्याचा होता."

"तो? अहो, तो चुकीचा होता. वरची आळी, खाली. माणसं हसायची. त्याचे फोटो कुठे कुठे फिरायचे. आम्हाला लाज वाटायची."

"लाज तुम्हाला वाटायची?"

"गावाचं नाव खराब होतं ना."

"आमच्या आळीचं नाव आहे ते."

"मग बदला की. खालची आळी म्हणा, म्हणजे घोळच नाही."

"खालची आळी वेगळी आहे. ती आणखी खाली आहे."

बाई मनापासून हसल्या. "तुमचं गाव म्हणजे ना." मग आवाज उतरवून म्हणाल्या, "त्या टेलरचं ऐकून फार वाईट वाटलं. आम्ही फळांची टोपली पाठवली. माझे पडदे त्यांच्याकडेच अडकलेत. आता कोणाकडे द्यायचे, काही कळत नाही."

नर्सबाईनं त्यांच्याकडे पाहिलं. या बाईत दुष्टपणा नव्हता, हेच तिला सहन होईना. दुष्ट माणसाशी भांडता येतं. टोपली पाठवणाऱ्याशी कसं भांडायचं? वाईट वाटल्याचं सांगून झालं, पडद्यांचं दुःख मांडून झालं, आणि कुत्रा त्या खड्ड्यापाशी एक पाय वर करून उभा होता, त्याला कोणी हाकलतही नव्हतं. कानाच्या पाळ्या तापल्या तिच्या. "येते," एवढंच म्हणून ती उतरली.

त्या रात्री तिनं कागद पुन्हा वाचला आणि सकाळी उठून, आंघोळ करून, देवासमोर हात जोडून उभी राहिली तेव्हाही तो वाचतच होती. 'चुकीची दिशा सांगितल्याने.' ते खोटं नव्हतं. खरी अडचण ती होती. ओळ खोटी असती तर तिनं कागद फाडून चुलीत घातला असता. ती वर म्हणाली होती. बाहेरच्या माणसाला वर म्हणजे वर. पण तेवढंच लिहून बाकीचं कोरं ठेवायचं, ही खऱ्याची कसली तऱ्हा?

गुरुवारी चौकशीचे साहेब आले. तरुण, नीट भांग पाडलेले, सारखं घड्याळ बघणारे, पण बोलणं आदबीचं. कचेरीत त्यांनी तिला खुर्ची दिली आणि ध्वनिमुद्रण लावलं. खोलीभर तिचा आवाज पसरला. 'हो. वर. लवकर या.'

"आवाज तुमचाच?"

"माझाच. मी वर म्हणाले."

"मग प्रश्न मिटला. सही करा."

"करते, साहेब. पण वाचून दाखवल्याशिवाय नाही."

"कोणाला?"

"ज्याच्याबद्दल लिहिलंय त्याला." तिनं कागद हातात घेतला. "मला ज्यांनी काम शिकवलं, त्या मोठ्या बाईंनी पहिल्या दिवशी सांगितलं होतं. दुखणाईताबद्दल वहीत जे लिहाल, ते त्याला वाचून दाखवा, मग खाली सही करा. पंचवीस वर्षं झाली. एकदाही चुकवलं नाही."

साहेबांनी दिराकडे पाहिलं. दिरानं छताकडे.

"किती वेळ लागेल?"

"दहा मिनिटं. जवळच आहे."

"बरं. कुठे राहतात?"

"वरच्या आळीत. फाट्यापासून लगेच. निळं दार."

"मी गाडीनं येतो. तुम्ही व्हा पुढे."

ती पायऱ्यांनी निघाली. दीर फाइल बगलेत मारून तिच्यामागून पायऱ्यांनीच आला, कारण गाडीत बसा असं त्याला कोणी म्हटलं नव्हतं.

काकूंनी दार उघडलं. "या, नर्सबाई," आणि दिराला, "तुम्हीपण या." शिंपीकाका खिडकीपाशी, मशीनला टेकून बसले होते. मशीनवर त्यांनी अजून झाकण घालू दिलं नव्हतं. साहेब येतायत म्हणून काकूंनी धुतलेली चादर अंथरली. पाच मिनिटं गेली. दहा गेली. काकूंनी चहाचं आधण ठेवलं, उतरवलं, पुन्हा ठेवलं.

पंधरा मिनिटांनी दीर म्हणाला, "वहिनी."

"काय?"

"आपण त्यांना काय सांगितलं?"

"वरच्या आळीत..."

ती बोलता बोलता थांबली.

"मी तिथेच उभा होतो," दीर हळूच म्हणाला. "पत्र्याचा फलक काढायचा हुकूम लिहिणारा मी. आणि मलाही काही खटकलं नाही."

ज्या शब्दापायी ती तीन आठवडे झोपली नव्हती, तोच शब्द, त्याच फाट्याबद्दल, चौकशीच्या टेबलावर बसून ती पुन्हा म्हणाली होती. विचार करून नव्हे. श्वास घ्यावा तसा.

"जा भावजी. फाट्यावर उभे राहा."

तो धावत गेला.

साहेब आले तेव्हा अडतीस मिनिटं झाली होती. पायी आले होते. गाडी साखळीपाशी अडकली होती, पहारेकऱ्यानं वहीत नाव लिहायला लावलं होतं, मागे दोन मोटारी येऊन थांबल्या होत्या, आणि ओल्या उतारावरून येताना साहेब एकदा बसले होते. मातीचा पुरावा विजारीवर मागच्या बाजूला होता.

"तुम्ही वर म्हणालात," ते दारातच म्हणाले.

खिडकीपाशी एक विचित्र आवाज झाला. सगळे वळले. शिंपीकाका हसत होते. तीन आठवड्यांत पहिल्यांदा पोटातून हसत होते. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते पुसायला उजवा हात उचलायला गेले, तो उचलेना, म्हणून आणखी हसले. "साहेब... गेले... वर," ते म्हणाले. "वर गेले आणि... परत आले. नशीबवान."

साहेब तांबडे झाले. "हे तुम्ही मुद्दाम केलंत."

"नाही, साहेब," नर्सबाई म्हणाली. आवाज इतका हळू की साहेबांना पुढे वाकावं लागलं. "मुद्दाम केलं असतं तर मला बरं वाटलं असतं."

मग ती चादरीवर बसली, कागद पालथा केला, आणि मागच्या कोऱ्या बाजूला लिहू लागली. कोणी तिला अडवलं नाही. लिहून झाल्यावर ती उठली आणि काकांसमोर उभी राहून तिनं वाचलं. दवाखान्यात औषध कसं घ्यायचं ते सांगते, तशा आवाजात.

"'फोनवर मी फाट्यावरून वर असं म्हणाले. ही माझी चूक आहे. बाहेरच्या माणसाशी बोलते आहे हे मी विसरले. आज चौकशीच्या साहेबांशी बोलताना तीच चूक माझ्याकडून पुन्हा झाली. कचेरीतले कारकून हजर होते, त्यांच्याही लक्षात आली नाही. साहेबांना पोचायला अडतीस मिनिटं लागली. आमच्या आळीतला प्रत्येक माणूस ही चूक रोज करतो. तीस वर्षं फाट्यावरचा फलक आमची ही चूक रोज दुरुस्त करत होता. तो काढायच्या आधी आळीत कोणाला विचारलं नाही. काढल्यावर कोणाला सांगितलं नाही. दवाखान्यालाही नाही. तो चुकीचा आहे म्हणून काढला, असं कारण सांगितलं जातं. तो चुकीचा नव्हता. आळीचं नाव वरची आहे आणि ती खाली आहे.'"

आत चहा उकळत होता. दीर जमिनीकडे बघत होता.

"एक राहिलं," काकू म्हणाल्या. त्या स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात उभ्या होत्या, हातात चिमटा. "त्या पहारेकऱ्यानं रुग्णवाहिकेच्या चालकालाही विचारलं होतं, कोणाकडे आलात, वहीत नाव लिहा. चालकानंच मला सांगितलं, गाडीत. यांचा हात माझ्या हातात होता आणि तो सांगत होता, नाव लिहिल्याशिवाय साखळी काढेना." त्यांनी चिमटा खाली ठेवला. "तेही लिही."

लिही म्हणाल्या. लिहा म्हणाल्या नाहीत. नर्सबाईनं मान खाली घातली आणि लिहिलं.

तिनं सही केली. शिंपीकाकांनी डावा हात पुढे केला. पेन मुठीत धरून त्यांनी आपलं नाव काढलं. तीस वर्षांपूर्वी फलकावरची अक्षरं आखणाऱ्या माणसाचं नाव, पहिलीतल्या पोरासारखं, ओळ सोडून खाली उतरत गेलेलं.

"फलकाचा विषय माझ्या चौकशीत येत नाही," साहेब म्हणाले. पण बोलताना ते जरा चाचरले.

"विजारीवर आहे तो तुमच्या," काकू म्हणाल्या. "थांबा, ओलं फडकं देते."

साहेब फडक्यानं विजार पुसून, चहा पिऊन, कागद घेऊन गेले. जाताना पायऱ्यांनी गेले.

महिन्याभरानं पत्र आलं. दोन ओळींचं. 'परिचारिकेने आपली चूक लेखी मान्य केली आहे. सबब त्यांना ताकीद देण्यात येत असून ती सेवापुस्तकात नोंदवण्यात यावी.'

नर्सबाईनं पत्र उलटंसुलटं करून पाहिलं. मागची बाजू कोरी होती.

"बाकीचं कुठे गेलं, भावजी? मी पानभर लिहिलं होतं."

"वर पाठवलं होतं सगळं," दीर म्हणाला. मग स्वतःचाच शब्द ऐकून गप्प झाला.

"पहिली ओळ तेवढी वाचली म्हणायची मेल्यांनी," सासूबाई म्हणाल्या. "मी तरी जाहिरात पूर्ण वाचते."

पंचवीस वर्षांच्या कोऱ्या सेवापुस्तकात ती ताकीद चढली. नर्सबाई त्या दिवशी जेवली नाही. बदली टळली म्हणून शेजारणी तिला भाग्यवान म्हणून गेल्या, आणि तिला वाटलं, या शब्दालाही उचलून कोणीतरी दुसऱ्याच खांबावर लावलंय. तिची खरी गोष्ट घेतली, तिच्यातला सोयीचा तुकडा कात्रीनं कापून घेतला, आणि उरलेलं कापड फेकून दिलं. खोटं तर कोणीच बोललं नव्हतं. कचेरी नाही, साहेब नाहीत, बंगल्यातल्या बाई नाहीत. सगळे अगदी खरं बोलून मोकळे झाले होते.

दुसऱ्या दिवशी पहाटे दार वाजलं. दीर होता. जुन्या पडद्यात गुंडाळलेलं काहीतरी रुंद, चपटं त्यानं भिंतीला टेकवलं.

"कचेरीच्या कोठीत होता. भंगारात निघणार होता." त्यानं घसा साफ केला. "गहाळ झाला, असं लिहिलंय मी."

"खोटं लिहिलंत, भावजी?"

"पहिल्यांदाच, वहिनी," तो म्हणाला, आणि चहाला न थांबता गेला.

शिंपीकाकांनी फलकाला पट्टे शिवून दिले. जाड कॅनव्हासचे, चार. डाव्या हातानं मशीनचं चाक फिरवायचं, काकूंनी कापड सरकवायचं. शिवण नागमोडी आली. काकांनी पट्टा उजेडात धरून पाहिला, म्हणाले, "आयुष्यात... इतकं वाईट... काम... नाही केलं." आणि उसवू दिलं नाही.

तेव्हापासून रोज सकाळी आंघोळ, देवासमोर दोन मिनिटं, मग पायऱ्या चढून आळी, आळीतून वर फाटा. तिथे कोरीव पक्ष्याच्या पायाखाली, त्याच खांबाला, ती पत्र्याचा फलक चार पट्ट्यांनी बांधते, बाण उतरत्या वाटेकडे करून. मग खाली येऊन दवाखान्याचं कुलूप काढते. दुपारपर्यंत कोणीतरी फलक सोडून रस्त्याकडेच्या भिंतीमागे ठेवतं. दुसऱ्या दिवशी सकाळी ती तो भिंतीमागून काढते आणि पुन्हा बांधते. पाऊस असो, धुकं असो, नवरा घरी असो. बंगल्यातली मंडळी दमतील असं आळीला वाटलं होतं. बंगल्यातल्यांना वाटलं होतं, ही दमेल.

एका रविवारी अध्यक्षबाई कुत्र्यासह तिथेच उभ्या होत्या. चेहरा दुखावलेला, आवाज गोडच.

"बाई, तुम्ही इतक्या शांत, देवाधर्माच्या. तुम्हाला हे शोभतं का? असं किती दिवस करणार आहात?"

नर्सबाई तिसरा पट्टा बांधत होती. तिनं तो ओढून पाहिला, गाठ पुन्हा मारली, आणि चौथा हातात घेतला.

"आळी वर गेली की सोडीन," ती म्हणाली. "जरा खाली सरका, बाई. बाण झाकला जातोय."

बाई वाटेच्या उताराकडे दोन पावलं सरकल्या. मग आपण कुठे सरकलो ते लक्षात येऊन तिथेच थांबल्या.